नव्या गाडीची चाकं



आमच्याकडे गाडी आली, त्याचे फोटो पाहून दोघी-तिघींनी एकच प्रश्न विचारला, "टायर इतके छान कसे दिसतात गं? काय लावतेस?" उत्तर एका ओळीत देता आलं असतं, की काही लावत नाही. पण त्या 'काही नाही'मागे आमच्या घरात बरीच चर्चा झालीय, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी घेतली ती मुख्यतः सासूबाईंसाठी. गुडघ्यांमुळे चार वर्षं त्यांना कुंभोजला बाहुबलींच्या दर्शनाला जाता आलेलं नाही, एस.टी.ची पायरी चढवत नाही. आणि गाडी दारात आल्यापासून त्या रोज सकाळी नियम घेताना म्हणायला लागल्या, "आज वाहनाचा त्याग." वाहनाची मर्यादा ही काही नवी गोष्ट नव्हे. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण सांगताना भोजनाच्या जोडीने वाहनाचंही नाव येतं. त्यामुळे आम्हाला वाद घालायला जागाच नव्हती. ह्यांनी एकदा विचारलं, "आई, गाडी आवडली नाही का?" तर म्हणाल्या, "गाडी चांगली आहे रे. मला ती चार चाकं दिसतात."

तर ही चाकं धुवायचं काम मी माझ्याकडे घेतलं, आणि त्या ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसायला लागल्या.

पहिला मुद्दा पाण्याचा. पाइप लावून गाडी धुणं आमच्याकडे बाद. गरज नसताना पाणी सांडणं म्हणजे प्रमादचर्या, अनर्थदंडाचाच एक प्रकार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. परसातल्या आडाचं पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यायचं, गाळणं उलटं करून जिवाणी परत आडात सोडायची, आणि अर्धी बादली घेऊन बसायचं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं. तेवढ्यात चारही चाकं आरामात होतात, एका चाकाला दहा मिनिटं पुरतात. चाकांची बादली आणि फडकं वेगळं ठेवा. चाकावरची वाळू फडक्याला लागली आणि तेच फडकं दरवाज्यावर फिरवलं तर नव्या रंगावर ओरखडे आलेच म्हणून समजा.

सकाळी उजाडल्यावरच बसायचं. गाडी रात्रभर उभी असल्याने चाकंही थंड असतात. प्रवासाहून आल्याआल्या तापलेल्या चाकावर साबण घातला तर तो लगेच वाळून डाग पडतात. बसण्याआधी खालच्या फरशीवर मुंग्यांची रांग नाही ना ते बघायचं. असेल तर गाडी चार हात पुढे घ्यायची. फेसाचं पाणी कुठे वाहत जाणार तेही आधीच बघून ठेवायचं.

नव्या टायरवर रबराचे बारीक केस दिसतात. साच्यातून हवा बाहेर जायला जी भोकं असतात त्यांत शिरलेलं ते रबर. उपटत बसू नका, आपोआप झिजतात. रंगीत पट्टेही कारखान्यातल्या खुणांचे असतात, तेही चालवता चालवता जातात. पहिल्या धुण्याला टायरवर थोडा बुळबुळीतपणा जाणवतो, तो साच्याला रबर चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रव्याचा असू शकतो. गाडीचा सौम्य शाम्पू त्याला पुरतो. पुढे नेहमीच्या धुळीला मी रिठ्याचं पाणी वापरते. केसांना चालतं ते टायरला का चालू नये!

आता तो तपकिरी रंग, ज्याच्यासाठी सगळा बाजार उभा आहे. काही आठवड्यांत टायरच्या बाजूंवर विटकरी-तपकिरी छटा यायला लागते. मला वाटलं माती असेल. पण ती सगळी माती नसते. हवेतल्या ओझोनमुळे रबराला चिरा पडू नयेत म्हणून टायरमध्येच एक रसायन घातलेलं असतं, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवा लागून तपकिरी होतं. म्हणजे टायर आपलं काम करतोय. महिन्यातून एकदा ब्रशने घासलं की पुरे, परत आली छटा तर येऊ दे. चकचकीत काळा करणारे जे तेलकट पॉलिश मिळतात ते मला मुळीच पटत नाहीत. त्या चिकट थरावर धूळ बसते, आणि शेजारच्या गाडीच्या टायरवर चिलटं चिकटून मेलेली मी स्वतः पाहिलीत. कुणाला लावायचंच असेल तर पाण्यात बनवलेलं, चमक न देणारं घ्या, पुसून वाळू द्या, आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेकवर चुकूनही लागू देऊ नका. चाक घसरेल.

खरी गंमत ब्रशची झाली. गाडीच्या सामानाच्या दुकानात मुलाने एक मऊ ब्रश उचलला. दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, नॅचरल आहे, एकदम भारी." मुलाने पाकिटावरचं वाचलं, "बोअर हेअर." डुकराचे केस! मी तो ब्रश अलगद परत ठेवला. मग तिथेच उभं राहून बाकीचंही वाचून काढलं. शॅमॉय म्हणून जे पुसायचं पिवळसर कापड मिळतं ते अस्सल असेल तर कातडं असतं, बहुतेक मेंढीचं. त्याच्या शेजारीच सिंथेटिकही मिळतं, तेच मागा. गाडीच्या मेणात मधमाश्यांचं मेण असू शकतं, मध न खाणाऱ्या घराने तेवढं तपासावं. कार्नौबा लिहिलेलं असेल तर ते ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाच्या पानांचं मेण, पण डबीत दोन्ही मिसळलेलीही असतात. टायरला मी काथ्याचा ब्रश आणला, आणि अलॉयच्या चाकाला मऊ नायलॉनचा, कारण काथ्याने त्यावर चरे पडतात. अलॉयवर ब्रेकची जी काळी भुकटी बसते तिच्यात लोखंड असतं, ती मात्र आठवड्याला काढत जा.

यावर माझ्या नणंदेचं म्हणणं असं, की "वहिनी, टायर बनवताना स्टिअरिक ॲसिड घालतात, ते चरबीचंही असतं. मग ब्रशचं काय घेऊन बसलीस?" तिचं बरोबर आहे. स्टिअरिक ॲसिड चरबीतूनही काढतात आणि पाम तेलातूनही, आणि टायरवर ते लिहिलेलं नसतं. मी उत्तर शोधत होते तोवर सासूबाईच ओट्यावरून बोलल्या, "जे टाळता येत नाही ते आरंभात गेलं. ब्रश टाळता येतो की नाही? मग तो टाळायचा." नणंद गप्प बसली. मला मात्र त्या 'टाळता येत नाही'त गाडीही धरली गेल्याचं पहिल्यांदा ऐकू आलं.

चाकाशी बसल्याचा एक फायदा म्हणजे टायर वाचता येतो. बाजूवर शेवटी चार आकडे असतात. 1425 असेल तर 2025 सालचा चौदावा आठवडा, म्हणजे टायर कधी बनला ते कळतं. नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा व्हायच्या आत बदलायचा. खाचांतले खडे मी जुन्या चमच्याच्या दांड्याने काढते. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि ती गाडी थंड असतानाच बघायची.

खडे काढता काढता परवा मडगार्डच्या आत एक गोगलगाय सापडली. पावसाळ्यात हे चालायचंच. ओल्या रात्रीनंतर चाकावर गोगलगायी, वाणी, कधी बेडूकही असतो, आणि गाडीखाली मांजरीची पिल्लं. पानावर घेऊन मी तिला अळूच्या वाफ्यात सोडलं. सासूबाईंनी खुर्ची सरकवून विचारलं, "आणखी आहे का बघ." चारही चाकांमागे बॅटरी मारून बघितलं, नव्हती.

मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मी बादली उचलून आत निघाले तेव्हा म्हणाल्या, "अगं, रविवारी सूर्य किती वाजता उगवतो? तुझं हे सगळं बघून होईपर्यंत उन्हं वर येतील. कुंभोजला दुपारच्या आत पोहोचायला पाहिजे."