आसाची खीळ

बैलगाडीच्या काळात आसाच्या टोकाची खीळ उघड्यावर असायची. बैल जुंपायच्या आधी घरातलं म्हातारं माणूस गाडीभोवती एक फेरी मारायचं, खिळीला हात लावायचं, वंगण बघायचं, मगच गाडी हलायची. ट्रॅक्टरच्या ट्रेलरला ती खीळ हबच्या टोपणाआड गेली. दृष्टीआड सृष्टी झाली.

आमच्याकडं दसऱ्याच्या सुमाराला कारखान्याचा बॉयलर पेटतो. त्याच्या आधी ट्रेलर उचलून चाकं तपासायची, हा माझा नेम. नुसत्या जॅकवर विसंबत नाही. आसाखाली लाकडाचे ठोकळे, बाकीच्या चाकांना दगड. मग चाक वरून-खालून धरून हलवायचं. खुळखुळलं किंवा फिरवताना खरखरलं, की हब खोलायचा. गेल्या साली मागचं डावं चाक तसंच निघालं. रोलरवर खड्डे पडलेले, ग्रीस काळं झालेलं, ऑइल सीलची कड वाळून चिरलेली.

बेअरिंग आणायला जाताना जुनं पिशवीत घालून न्यावं. कडेवर नंबर कोरलेला असतो. आमचं बाहेरचं ३२२११, आतलं ३२२१३. या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की भोकाचं माप मिलिमीटरात मिळतं. अकरा पंचे ५५, तेरा पंचे ६५. शाळेतला पाढा असा कामाला आला.

दुकानदार म्हणाला, "आण्णा, कप चांगला दिसतोय की. नुसता कोन न्या, निम्म्यात भागंल."

म्हटलं, "जुन्या कपात नवे रोलर टिकत न्हाईत. जोडीच द्या."

स्प्रिंग पाट्यांना आसाशी आवळणारे यू-बोल्टही ताणलेले होते. आमचा आस चौकोनी, म्हणून बोल्टचा वाकही चौकोनीच लागतो. गोल वाकाचा बोल्ट आसाला चिकटून बसत नाही. आतली रुंदी, जाडी आणि लांबी जुन्यावरनं मोजून घेतली. नव्या बोल्टला नटही नवेच.

बसवताना घाई नडते. हब रॉकेलनं धुऊन कोरडा केला. कप तिरका बसू नये म्हणून त्यावर जुना कप ठेवून चारी बाजूंनी बेतानं ठोकला. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटीतनं वर येईपर्यंत दाबून भरलं. सीलची ओठाची बाजू आत ठेवली. मग चाक फिरवत फिरवत नट आवळला, जड लागल्यावर किंचित सैल केला. चाक हातानं मोकळं फिरावं, पण हलवलं तर डुगडुगू नये. एवढ्यावर खाचा आणि भोक जुळवून पिन घालायची.

पुतण्यानं जुनी स्प्लिट पिन उचलली, हातोडीनं सरळ केली. म्हणाला, "काका, हीच घालू. आत कोण बघतंय?"

एकदा वाकवलेली पिन सरळ केली की वाकाच्या जागी कमजोर होते. ती तुटली की नट फिरतो आणि नट सुटला की चाक निघतं. पण हे शास्त्र त्याला सांगत बसलो नाही. विचारलं, "पहिली खेप कशाची रं?"

तो गप्प झाला. पहिली खेप उसाची नसते. आमचा ट्रेलर आधी बीडकडं जातो, तोडणीवाल्यांची टोळी आणायला. भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, आणि त्यावर बाया-पोरं. ट्रेलरमधनं माणसं नेणं बरं नव्हं, हे सगळ्यांना कळतं. तरी नेतात. त्यांना दुसरी गाडी कुणी देत नाही. मुकादम उचलीचा हिशेब कागदावर लिहून घेतो, पण चाकात पिन नवी आहे का, हे त्या बाईला कोण सांगणार? तिनं तर ट्रेलरचा मालकही बघितलेला नसतो.

पुतण्या उठला आणि सायकलवरनं जाऊन नवी पिन घेऊन आला. किंमत चहाच्या कपाएवढी. दोन्ही पाय नीट फाकवून त्यानंच ती बसवली, टोपण ठोकलं. मग चाकाचे नट समोरासमोरचे धरून आवळले.

जाताना त्याला एवढंच सांगितलं की थोडं अंतर गेल्यावर थांब, नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळ, हबला हात लाव. हात टिकंना इतका तापला तर पुढं जायचं नाही.

परतीच्या वाटेवर रात्री त्याचा फोन आला. "काका, हब कोमट हायेत. नट परत बघितले."

"माणसं किती हायेत?"

"पोरं धरून बावीस."

"हळू ये," म्हटलं.