अजून दोन ओळी

पहिल्या ओळीत वीस खांब होते. मी तीनदा मोजले होते. चौथ्या ओळीच्या शेवटी मोजले तर सतरा भरले. चौकोनी व्हायचा तो क्रोशाचा रुमाल वर निमुळता होत चालला होता आणि कारण काही केल्या कळत नव्हतं. बावीस वर्षं मी याच घरात आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. वीसातले तीन कुठे गेले, हे त्या रात्री मला सांगता येईना. मे महिना होता, कूलर घरघरत होता, बोटांना घाम सुटून दोरा सुईवर अडकत होता. शेजारच्या पलंगावर सासूबाई जाग्या होत्या आणि साडीचा काठ बोटांनी कुरतडत होत्या.

आमची गल्ली नागपूरच्या महालातली, म्हणजे समोरच्या गॅलरीतल्या बाईशी आवाज न चढवता बोलता येईल एवढीच रुंद. सकाळी समोरच्या काकूंना तो तुकडा दाखवला. त्यांनी चष्माही लावला नाही.

"शेवटचा खांब सोडून राहिली तू दर ओळीला. त्या तीन साखळ्या काऊन घालतो आपण सुरुवातीला?"

"उंची मिळावी म्हणून."

"अवं, तोच पहिला खांब असतो. पलटून परत आली की त्याच्या डोक्यावर टाका घालायचा. तो दिसत नाही, काठासारखा वाटतो, म्हणून राहून जातो."

दर ओळीला एक. वीस, एकोणीस, अठरा, सतरा. हिशेब जुळला आणि मला केवढं हायसं वाटलं! त्या दिवसांत माझ्या घरात दुसरा कुठलाच हिशेब जुळत नव्हता.

सासूबाईंचं विसरणं सुरू झालं ते आधी भाजीत दोनदा मीठ, मग गॅस चालू, मग माझ्या नवऱ्याला दिराच्या नावाने हाक, असं. एका डॉक्टरांनी वयामुळे होतं म्हणून सांगितलं आणि आम्हीही ते सोयीचं म्हणून मानलं. त्यात वर्ष गेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलेलं असलं तरी माणूस असा विसरतो, आणि तो विसर औषधाने पुष्कळदा भरून येतो, म्हणून ते आधी बघायचं असतं. ते दोन्ही ठीक निघालं. मग स्कॅन, मग प्रश्नांची ती यादी: आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत या. त्र्याण्णवला त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी शिकवणारी. वर्गात मुलं अडकली की उत्तर माझ्या ओठांवर येतं, तसं ते आलं आणि मी गिळलं.

स्मृतिभ्रंश म्हणजे नाव, वार, माणसं विसरणं, एवढंच मला ठाऊक होतं. त्यात माणूस चुकीच्या काळात जाऊन राहतो हे ठाऊक नव्हतं. एका दुपारी त्या रुक्मिणी मंदिरात जाते म्हणून निघाल्या आणि तासाभराने गांधीगेटापाशी सापडल्या. देवळाची वाट त्यांनी साठ वर्षं तुडवलेली, मग गांधीगेट कसं? ते मला पुढे कितीतरी दिवसांनी उमगलं. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये सूतकताईच्या खात्यात होते. गांधीगेटातून बाहेर पडलं की शुक्रवारी तलाव, आताचा गांधीसागर, आणि तिथेच जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली मिल. लहानपणी दुपारचा डबा घेऊन त्या याच वाटेने जायच्या. मिल कधीच बंद झाली, त्या जागेवर आता मॉल आहे. पण दुपारचे चार वाजत आले की आमच्या घरात रोज प्रश्न येतो:

"भोंगा झाला का वो?"

सुरुवातीला मी खरं सांगायची. "आई, मिल नाही आता. बाबा जाऊन चाळीस वर्षं झाली." आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा, की बातमी त्यांना त्याच क्षणी कळली आहे. रडायच्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच खरं, पुन्हा तेच रडणं. खोटं बोलायचं नाही या हट्टापायी मी एका बाईला तिचा बाप रोज नव्याने मारून दाखवत होते. हे आठवलं की आजही पोटात कालवतं. आता मी "अजून वाजायचा आहे" एवढंच म्हणते. त्यात खोटं काय आहे, ते मी शोधत बसत नाही.

शिकवण्या बंद केल्या. मुलगा पुण्याला, नवऱ्याचं दुकान इतवारीत. माझं वय एक्कावन्न. पाळी जाण्याचे दिवस, रात्री अंगातून वाफा निघायच्या, गुडघा धरायचा. दिवसाचे तुकडे तुकडे व्हायचे. वीस मिनिटं त्या झोपल्या, दहा मिनिटं शांत बसल्या, मग उठल्या. अशा तुकड्यांत पुस्तक वाचून बघितलं, मागचं पान आठवायचं नाही. मोबाइल बघितला तर त्या चिडायच्या. अजूनही चिडतात, हातात मोबाइल असला की मी खोलीत नसते हे त्यांना कळतं. सुई-दोरा हाती आल्यापासून मात्र त्या दोऱ्याकडे बघत राहतात.

क्रोशाकडे मी वळले ती आवडीने नाही. काकूंच्या दारावरचं तोरण रोज डोळ्यांसमोर होतं, आणि त्यांनी एकदा सहज सांगितलं की हे काम मध्येच टाकून उठता येतं. दोन सुयांच्या विणकामात ओळभर टाके सुईवर चढलेले असतात, सुई निसटली की सगळे ओघळतात. क्रोशात जिवंत टाका एकच. त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. कुणी हाक मारली, पलंग ओला झाला, कुकरची शिट्टी झाली, उठायचं. दोन तासांनी येऊन पिन काढायची, काम होतं तिथेच थांबलेलं असतं. माझ्या दिवसात असं दुसरं काहीच नव्हतं.

इतवारीतून सुती दोऱ्याचा पांढरा गुंडा आणला, अडीच मिलिमीटरची सुई आणली आणि रात्री व्हिडिओ लावले. तिथे आणखीच गोंधळ. एक बाई ज्याला सिंगल म्हणते त्यालाच दुसरी डबल म्हणते. अमेरिकेतली नावं वेगळी, इंग्लंडची वेगळी, टाका तोच, हे समजायला आठवडा गेला. काकूंच्या नावांनी सोडवलं. साखळी, मुका खांब, खांब. मुका खांब बुटका, खांब उंच, उभा राहिलेला दिसतो. नाव ऐकलं की हाताला कळतं काय करायचं ते. घाम येत असेल तर बोटांना पावडर लावावी, हेही त्यांनीच सांगितलं. आणि माझ्या साखळ्या चाचपून एकदा म्हणाल्या, "काल भांडण झालं होतं का घरी?" झालं होतं. दोरा इतका आवळला गेला होता की पुढच्या ओळीत सुईच शिरत नव्हती.

जुलैतली एक दुपार सांगते. मी पिन न लावता उठले. फक्त दुधाखालचा गॅस बंद करायला. परत आले तर सासूबाईंच्या हातात माझा तुकडा. त्यांना सुटं टोक सापडलं होतं. त्या ओढत होत्या, सावकाश, एका लयीत. दोरा टप टप असा बारीक आवाज करत सुटत होता. सुटलेला दोरा टाक्यांचे वळसे जपून ठेवतो, सरळ होत नाही. त्यांच्या मांडीवर त्या कुरळ्या दोऱ्याचा ढीग झाला होता. अकरा ओळी होत्या त्या. पहिल्यांदाच दोन्ही काठ सरळ आलेल्या अकरा ओळी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात पुढे केला तो हिसकावून घ्यायलाच. मग त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. साडीचा काठ कुरतडून त्यांच्या आंगठ्याजवळची कातडी निघाली होती, आम्ही तिथे रोज खोबरेल लावायचो. ती बोटं आता कुरतडत नव्हती. एक ओळ संपली की दोरा टोकाशी किंचित अडायचा, त्या थांबायच्या, वळायच्या, पुन्हा ओढायच्या. चेहरा एखादं काम नीट चाललेल्या बाईचा. चार वाजून गेले. भोंग्याचं त्यांनी विचारलं नाही. मी घड्याळ बघितलं, पाऊण तास झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पंधरा ओळी विणल्या, टोक मोकळं सोडलं आणि साडेतीनला त्यांच्या हातात दिलं.

तेव्हापासून माझे तुकडे दोन आहेत. एक माझा, तो पिन लावून कपाटात. एक त्यांचा. सुई त्यांच्या हाती लागू देत नाही, दोरा बोटांना गुंडाळला तर जात नाही ना म्हणून जवळच बसते, आणि काम झालं की तो दोरा उचलून ठेवते. आठवड्यातून एकदा लडी करून भिजवते आणि गॅलरीत वाळत घालते, म्हणजे वळसे निघतात. तोच दोरा पुन्हा पुन्हा वापरून पिंजतो, मग नवा गुंडा. माझा हात बसला तो या दुसऱ्या तुकड्यावर. ज्याचं काही होणारच नाही, त्यात चूक झाली तरी काही बिघडत नाही. हात मोकळा होतो, टाका सैल पडतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि त्या दिवशी रोगराई घेऊन जा म्हणून अख्खं जुनं नागपूर ओरडत असतं. घरी पाहुणे होते. ढोल ऐकून सासूबाई बिथरतील म्हणून मी त्यांचा तुकडा पुढे केला आणि माझा हातात घेतला. नात्यातल्या एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घरात माणूस असं झालंय आणि हिचं विणणं चाललंय."

तेव्हा मी गप्प बसले. रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. खरंच मला त्या तुकड्याचा आनंद होत होता, आणि तो लोकांना दिसतो आहे याची लाज वाटली. आता उत्तर द्यायचं तर एवढंच देईन: आधी मी त्यांच्या खोलीत कामापुरती जायची आणि बाहेर पळायची. आता तिथे बसते. ताजा खांब उभा करताना मला बरं वाटतं, म्हणून बसवतं.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातला एक आकडा मी पेपरात वाचला होता. घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बाईचा त्यात रोज सरासरी १३४ मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ७६ मिनिटं. मी पाटीवर आमच्या घरातला हिशेब मांडला. पाच दिवस, वेळेनिशी, नवऱ्याचा आणि माझा. त्यांना तो दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळी सहा ते आठ माझे." आईची आंघोळ आता ते घालतात. पहिल्या दिवशी दोघंही रडली, हे मी दाराबाहेरून ऐकलं. आत गेले नाही.

त्या दोन तासांत मी गांधीसागरापर्यंत चालून येते. रविवारी शाळेपासूनची मैत्रीण येते आणि आम्ही टपरीवर उभ्या राहून तर्री-पोहे खातो. वर कच्चा कांदा, चण्याची तिखटजाळ तर्री, नाकातून पाणी. थंडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की घरी सांबारवडी करते. एक वडी कुस्करून, तिखट काढून, आईंना भरवते. त्या अजून चव ओळखतात.

काकू म्हणाल्या होत्या की क्रोशा मशीनवर होत नाही. बाजारातला खऱ्या क्रोशाचा प्रत्येक तुकडा कुणीतरी हातानेच केलेला असतो. मी ते खरं का म्हणून शोधून पाहिलं, खरं आहे. मिलमध्ये सूत निघालं, कापड निघालं, हे मात्र नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं, त्यांना कळेल न कळेल. त्यांनी दोरा दोन बोटांत धरला, पीळ उलटा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "तीनपदरी आहे." मी उजेडात नेऊन पदर मोजले. तीनच होते. आज वार कोणता, हे त्यांना त्या दिवशीही सांगता आलं नव्हतं.

मी आमच्या दारासाठी तोरण घेतलं होतं, त्याला दसऱ्याचा मुहूर्त गाठता आला नाही. नऊ टोकांपैकी सहा झाली आहेत. काल दुपारी सातवं घेतलं होतं, त्या शेजारी आपला तुकडा सोडवत होत्या. चार वाजले. त्यांनी मान वर केली.

"भोंगा झाला का वो?"

मी त्यांच्या मांडीवर बघितलं. "नाही आई. अजून दोन ओळी आहेत."

"मग होऊ दे," म्हणाल्या, आणि टोक ओढलं.