टेबलवाला

मी काही पुढारी नव्हे. पक्षातला माझा हुद्दा विचाराल तर टेबलवाला! मतदानाच्या दिवशी, केंद्रापासून दोनशे मीटर दूर, टेबल मांडून बसायचे, यादीतून नाव शोधायचे आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. एवढेच माझे राजकारण. १९९९ पासून ते मी इमानाने केले.

रस्त्याच्या पलीकडे विरुद्ध पक्षाचे टेबल. त्यावर बापू. सकाळी रामराम आणि संध्याकाळी "काय, किती झाले?" याखेरीज आमचे कधी बोलणे झाले नाही. पक्ष म्हणजे घर, आणि घरचे शेजाऱ्याला सांगायचे नसते, अशी माझी समजूत.

२०१९च्या नोव्हेंबरात, एकमेकांविरुद्ध लढलेले आमचे हे दोन पक्ष एकाच सरकारात जाऊन बसले. पुढे २०२२ साली एक पक्ष उभा चिरला, २०२३ साली दुसरा. नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे, हे निवडणूक आयोगाने ठरवले. मी कोणाचा, हे मात्र कोणी ठरवले नाही. आमदारांसाठी १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. पण कार्यकर्ता जागच्या जागी राहिला आणि पक्षच निघून गेला, तर त्याने काय करावे?

दोन्ही गटांची माणसे घरी येऊन गेली. दोघांनीही चहा घेतला, दोघांनीही मला 'निष्ठावंत' म्हटले. ती गेल्यावर सौ. म्हणाली, "निष्ठा कोणाशी, ते नाही का हो विचारलंत?" त्या रात्री मी बिल्ला कपाटात ठेवून दिला. फार वाईट वाटले.

२० नोव्हेंबर २०२४. मतदानाच्या दिवशी मी प्रथमच घरच्या ओट्यावर रिकामा बसलो होतो. नऊच्या सुमारास कोपऱ्यावरच्या मावशी आल्या.

"टेबलावर दिसला नाहीत, म्हणून घरी आले. माझं नाव बघा."

"मावशी, मी आता कोणत्याच पक्षात नाही."

"मी कुठं पक्षाला विचारतेय? तुम्हाला विचारतेय!"

मी चष्मा लावला आणि यादी काढली. मावशींच्या मागून त्यांची सून आली, मग आळीतली निम्मी माणसे आली. कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या. ना झेंडा, ना चिन्ह.

दुपारी बापू आले. तेही घरीच बसले होते. काही न बोलता शेजारी टेकले आणि यादीची निम्मी पाने त्यांनी आपल्याकडे ओढली. पिशवीत दिवाळीतला उरलेला चिवडा होता. तो खाता खाता मला उमगले, की इतकी वर्षे मी ज्याला घर समजत होतो ते नुसते टेबल होते. घर होते ते या चिठ्ठ्या मागणाऱ्या माणसांत.

पाच वाजता दोघे मिळून मत देऊन आलो. कोणाला दिले, ते आजवर एकमेकांना विचारलेले नाही. परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची टेबले उचलली जात होती. आमच्या ओट्यावर मात्र मावशी आमची वाट पाहत होत्या, चहाचा तांब्या घेऊन.