माकडटोपी

पौषांतली थंडी पडूं लागली कीं आमच्या घरांत ट्रंकेच्या तळांतून एक माकडटोपी बाहेर निघते. तिचा रंग मूळचा तपकिरी होता असें म्हणतात. आतां तो कोणता आहे हें सांगण्याचें धाडस मी करणार नाहीं. टोपी माझ्या वडिलांची. ती घालून ते पहाटे फिरावयास निघत, तेव्हां गल्लींतलीं कुत्रीं सुद्धां त्यांना ओळखीत नसत. चारचौघांत ती डोक्यावर चढविण्याची मला अजून लाज वाटते. पण टाकून द्यावी असें कधीं मनांत आलें नाहीं.

या टोपीस इंग्रजींत ‘बालाक्लाव्हा’ म्हणतात, हें मला फार उशिरां कळलें. बालाक्लाव्हा हें क्रिमियांतील, काळ्या समुद्राच्या कांठचें एक लहानसें बंदर. १८५४ च्या हिवाळ्यांत इंग्रज सैन्य तेथें कुडकुडत पडलें होतें. गरम कपडे घेऊन आलेलें ‘प्रिन्स’ जहाज १४ नोव्हेंबरच्या वादळांत बंदराबाहेर बुडालें. विलायतेंतल्या बायकांनीं मग लोकरीच्या टोप्या विणून धाडल्या. त्यांना हें नांव मात्र कित्येक वर्षांनीं पडलें.

त्या युद्धाचें निमित्त ऐकून हंसूं येतें. बेथलेहेमच्या देवळाच्या किल्ल्या कोणत्या पंथाच्या धर्मगुरूंपाशीं असाव्यात हा तंटा. एका पंथामागें रशियाचा झार, दुसऱ्यामागें फ्रान्सचा बादशहा. खरें पाहतां तुर्की साम्राज्य खिळखिळें झालें होतें आणि त्याच्या वारशावर सर्वांचा डोळा होता. भाऊबंदकीचे खटले पाहिलेल्या मराठी माणसास हें उलगडून सांगावयास नको. १८५३ पासून १८५६ पर्यंत हें चाललें. इंग्रजांचेच सुमारें वीस हजार लोक मेले; बहुतेक गोळीनें नव्हे, तर कॉलरा, हगवण आणि ज्वर यांनीं. (रशियाचा वाख येईनासा झाला म्हणून डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागाकडे अधिकच वळल्या, पण गोणपाटाची कथा निराळी.)

लोकांच्या लक्षांत राहिला तो हगवणीचा मृत्यु नव्हे. २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं एका संदिग्ध हुकुमामुळें हलक्या घोडदळाचे सुमारें ६७० स्वार रशियन तोफांच्या तोंडीं गेले, तेवढें राहिलें. टेनिसननें त्यावर लागलीच कविता रचली, आणि एका तालुक्याच्या गांवीं माझे वडील ती तीस वर्षें शिकवीत राहिले. छडी म्हणजे तलवार, टेबल म्हणजे घोडा! मुलांना अर्थ कळो वा न कळो, टापा ऐकूं येत.

तेच वडील रात्रीं मला झांशीच्या राणीची गोष्ट सांगत. ग्वाल्हेरजवळची शेवटची लढाई आली कीं त्यांचा आवाज बसे. ते तांब्यांतलें पाणी पीत, आणि पुष्कळदां गोष्ट पुरी न करतांच दिवा मालवीत.

ते गेल्यानंतर कांहीं वर्षांनीं एका इतिहासग्रंथांत मीं त्या हलक्या घोडदळांतील पांच पलटणींचीं नांवें वाचलीं. त्यांतली आठवी हुसार्स १८५८ च्या जूनमध्यें ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सरायच्या मैदानांत होती. राणी पडली ती तिच्याच चढाईंत. सतरावी लान्सर्स तात्या टोप्यांच्या पाठलागावर होती. बालाक्लाव्ह्यास रशियन स्वार अडविणारे कॉलिन कॅम्पबेल आणि त्यांचे ९३ वे हायलंडर १८५७ च्या नोव्हेंबरांत लखनौवर चालून आले होते. पुस्तक तसेंच उघडें ठेवून मी बराच वेळ बसून राहिलों.

या वाटेनें उलट दिशेनें गेलेलाहि एक मनुष्य होता. दुसऱ्या बाजीरावांचा आठ लाखांचा तनखा पुढें चालावा म्हणून नानासाहेब पेशव्यांनीं अजीमुल्लाखानास लंडनला धाडलें. अर्ज फेटाळला गेला. परततांना, १८ जून १८५५ चा सेबास्तपोलवरील इंग्रज-फ्रेंचांचा हल्ला फसल्याचें ऐकून, तो मुद्दाम क्रिमियास गेला. तेथें ‘टाइम्स’चे बातमीदार रसेल यांची त्याची गांठ पडली, ही हकीकत त्यांनींच लिहून ठेवली आहे. त्या एका दर्शनानें पुढचें कानपूर घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ज्याच्या अजिंक्यपणाची धास्ती साऱ्या हिंदुस्थानानें घेतली होती, तें सैन्य परतून पडलेलें ज्यानें पाहिलें, त्याच्या मनांतली धास्ती पहिल्यासारखी राहिली नसावी.

वडिलांना हें ठाऊक होतें काय? असेल, तर दिवसां छडी उगारणें आणि रात्रीं दिवा मालवणें यांची सांगड ते कशी घालीत? नसेल, आणि मला तें त्यांच्या हयातींतच कळलें असतें, तर मीं तें सांगितलें असतें काय? कदाचित् त्यांनीं ती कविता पुन्हां शिकविली नसती. त्या छडीचा आवेश खोटा नव्हता आणि तो बसलेला आवाजहि खोटा नव्हता. एकासाठीं दुसऱ्यास गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार मला वाटत नाहीं. फार तर, मनांतल्या मनांत, मी आतां ती कविता म्हणूं लागलों कीं मध्येंच अडखळतों.

यंदा टोपी उन्हांत टाकली असतां धाकट्या नातवानें ती डोक्यांत घातली आणि हिला माकडटोपी कां म्हणतात म्हणून विचारलें. मीं त्याला माकडाचेंच कारण सांगितलें.