ब्रुसेल्सची हवा

परगावी गेलेल्या माणसाने तेथील देवळे, राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये पाहावीत, असा शिष्टसंमत दंडक आहे. मी तो आजवर निमूटपणे पाळीत आलो, आणि घरी परतल्यावर कुठले मंदिर कुठल्या गावचे याचा घोटाळाही करीत आलो. म्हणून या खेपेस मुलीकडे ब्रुसेल्सला जाताना मी निराळाच संकल्प सोडला होता. त्या शहराखेरीज अन्यत्र होत नाही अशी एखादी बिअर शोधून काढायची आणि ती प्यायची. तीही वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पोटच्या मुलीच्या देखत! माडी काढायला भंडारी माडावर चढला की आमचे वडील आम्हां मुलांना परसदारची खिडकी लावून घ्यायला सांगत. ते आज हयात नाहीत हे एका अर्थी बरेच.

पहिले दोन दिवस फुकट गेले. ग्रां प्लास नावाच्या त्या सोनेरी नक्षीच्या चौकाभोवती बिअरच्या दुकानांना तोटा नाही. एकीकडे तर यादी म्हणून पंचांगाहून जाड पुस्तकच पुढे आले. चाखलेल्या दोन्ही बिअर गोड निघाल्या. खोकल्याच्या औषधाची आठवण झाली. ''यांतली खास इथली कोणती?'' असे विचारता वाढप्याने ''सगळ्याच'' म्हणून सांगितले. सगळ्याच म्हणजे एकही नव्हे, एवढे ज्ञान कोल्हापुरी चपलांच्या दुकानदारांनी मला पूर्वीच दिलेले आहे.

तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, ''बाबा, तुम्हांला आंबट चालेल ना?''

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न!

दक्षिण स्टेशनापासून चालत थोड्याच अंतरावर, आंडरलेख्त भागातल्या एका अगदी सामान्य रस्त्यावर कांतियों यांची भट्टी आहे. 1900 साली सुरू झालेली ही भट्टी आजही एका कुटुंबाकडेच आहे. आणि 1978 पासून तिचेच संग्रहालय झाले आहे. म्हणजे संग्रहालय काही चुकले नाही! पण असले संग्रहालय मी पाहिले नव्हते. येथे जुन्या वस्तू मांडून ठेवलेल्या नाहीत. त्या अद्याप कामावर आहेत.

मोड आणून वाळवलेले जव आणि त्यांच्या निम्म्याच्या आसपास कच्चे गहू घेऊन त्यांचा गोड काढा करतात. त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालून तो तासन्‌तास उकळतात. फुलेही ताजी नव्हेत, मुद्दाम काही वर्षे जुनी करून कडूपणा गेलेली. इथवर सारे ठीक. मग तो काढा माळ्यावरच्या एका उथळ, विस्तीर्ण तांब्याच्या पात्रात रात्रभर उघडा ठेवतात. दुसरीकडे बिअरला निवडलेले यीस्ट मोजून घालतात; येथे काहीच घालीत नाहीत. झडपांतून येणारी रात्रीची हवा, माळ्याची जुनी लाकडे आणि पिंपांच्या फळ्या यांत जे सूक्ष्म जीव असतील ते आपण होऊन येतात. त्यांतल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच हे शहर आहे: ब्रेटानोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस. हे काम थंडीतच चालते. उन्हाळ्याच्या हवेत नको ते पाहुणे फार. कोळ्यांची जाळीही कोणी झाडीत नाही, कारण पिंपांवर घोंघावणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त तेच करतात. आमच्या माडीच्या मडक्यात तरी दुसरे काय होत असे? फरक इतकाच की माडी दुपारपर्यंत आंबते आणि ही ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे पडून राहते.

शेवटी पेला हाती आला. पिंपातली ती लांबिक: फेस नाही, बुडबुडे नाहीत, कोकमासारखी जिभेच्या कडा आवळणारी. मागून ग्योझ आली. एक, दोन आणि तीन वर्षांची लांबिक मिसळून बाटलीत बंद करतात. कोवळीतली उरलीसुरली साखर तेथे पुन्हा आंबते आणि फेस धरते. मला मात्र पहिलीच आवडली.

मुलगी पेला फिरवीत म्हणाली, ''पहिल्या हिवाळ्यात माझं आंबोळीचं पीठ दोन-दोन दिवस आंबत नव्हतं. तुम्ही फोनवर सांगितलेले सगळे उपाय केले. आता एका रात्रीत वर येतं.''

''उन्हाळा असेल.''

''नाही बाबा. फेब्रुवारीतसुद्धा.''

तिच्या जेवणाच्या टेबलावर नागरिकत्वाच्या अर्जाचे कागद मी आलो त्या दिवसापासून पडून होते. तेथले नागरिकत्व घेतले की इकडचे सुटते, दोन्ही ठेवता येत नाहीत. हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. म्हणूनच चार दिवस आम्ही फक्त हवापाण्याच्या गोष्टी बोलत होतो. मी पेला संपवला आणि आणखी एक मागवला.

दुसऱ्या सकाळी तिने आंबोळ्या केल्या. जाळी सुरेख पडली होती. तिच्या आईच्या आंबोळीपेक्षा जरा अधिक आंबट होत्या, असे मला वाटले. मी बोललो नाही. चार खाल्ल्या. पाचवी वाढायला ती वळली तेव्हा, तेलाचा हात लागू नये म्हणून, ते कागद मी कोपराने बाजूला सारले.

''हे नीट ठेव,'' मी म्हटले, ''डाग पडला तर पुन्हा भरावे लागतील.''