दांड्याची लांबी

गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी मी कधीकधी तिच्यात जाऊन बसतो. किल्ली लावत नाही. क्लच दाबतो आणि दांडा पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत राहतो. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं घरातून आडून सुचवून झालं आहे. गेल्या हिवाळ्यात मात्र या खेळातली गंमत गेली. दांडा न्यूट्रलमध्येही दोन बोटं लळायला लागला, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच कुठेतरी हरवायचा, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा.

गाडी १९६६ सालची पॉन्टिअॅक जीटीओ. मी राहतो तिथून वुडवर्ड अॅव्हेन्यू जवळच आहे. हा रस्ता डेट्रॉइटमधून निघतो आणि पॉन्टिअॅक याच नावाच्या गावापर्यंत जातो. गाव अजून आहे, गाड्यांचं ते नाव मात्र २०१० साली मिटलं. जीटीओचा जन्मच मुळी पळवाटेतला. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. तेव्हा १९६४ साली पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या माणसांनी ३८९ घन इंचांचं इंजिन टेम्पेस्टमध्ये बसवलं आणि कागदोपत्री दाखवलं, की ही वेगळी गाडी नव्हे, गिऱ्हाइकाने मागितलेली जादा वस्तू आहे. सरकारी कचेऱ्यांत उमेदवारी केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही युक्ती लगेच कळेल.

त्या गाडीत कारखान्यातूनच हर्स्टचा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा दांडा आणि त्याच्या खालची यंत्रणा, यायचा. जॉर्ज हर्स्ट हा पेनसिल्व्हेनियातला माणूस. त्याच्या दांड्यांना एवढा मान होता, की पॉन्टिअॅकने त्याचं नाव जाहिरातीतही मिरवलं. शर्यतीत चेपलेल्या गाडीतून चालकाला बाहेर काढणारं, पोलादी जबड्यासारखं अवजार बाजारात आणलं तेही याच हर्स्टने. लोकांना वेगाने पळवायचं आणि आपटलेल्यांना सोडवायचं, दोन्ही कामं एकाच घरातली!

माझ्या गाडीचा गिअरबॉक्स इंडियानातल्या मन्सी गावचा, चार गिअरचा. त्याच्या अंगावर बाहेरून तीन छोटे हात असतात. बाजूच्या झाकणावरचा एक पहिल्या-दुसऱ्याचा, एक तिसऱ्या-चौथ्याचा, आणि मागे शेपटीकडे तिसरा, रिव्हर्सचा. शिफ्टर आणि हे हात यांच्यामध्ये तीन सळया. म्हणजे तुम्ही दांडा ओढता तेव्हा गिअरला प्रत्यक्ष हात लागत नाही. निरोप सळईतून जातो, आणि सळईच्या प्रत्येक टोकाला एक नायलॉनचं इवलंसं बुश असतं. ते झिजलं की निरोपात फरक पडतो. एका टोकाला केसभर, दुसऱ्या टोकाला केसभर, असं करत करत वर मुठीपर्यंत ते दोन बोटं होऊन पोहोचतं.

हे मला माहीत होतं. तरी मी नवा शिफ्टर बघायला लागलोच, कारण बघण्यात सुख असतं. ओळखीचे एकजण म्हणाले, चार गिअर काढून पाच गिअरचा ट्रेमेक गिअरबॉक्स बसव. त्यात बाहेरच्या सळयाच नसतात, सगळा कारभार पोटात. शिवाय पाचवा ओव्हरड्राइव्ह. आज हायवेवर ताशी सत्तर मैलांना माझं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत ओरडतं, ते एकविसशेवर येईल. सल्ला शहाणपणाचा होता. पण शहाणपण करायचं असतं तर मी ही गाडी कशाला घेतली असती?

दुसऱ्यांनी आखूड दांडा सुचवला. मनगट हलवलं की गिअर पडतो म्हणे. तो एकदा त्यांच्या गाडीत फिरवून पाहिला. अंतर कमी, खरं आहे. पण जोर? शाळेत तरफ शिकवताना मास्तरांनी फळ्यावर टेकू काढला होता, तो त्या क्षणी माझ्या उजव्या खांद्यात येऊन टेकला. हात आखूड केला की वाट कमी होते आणि भार वाढतो. यात कंपनी कुठलीही असो, सूट मिळत नाही. माझा उजवा खांदा दोन वर्षं आखडलेला आहे. थंडीत गिअरबॉक्समधलं तेल घट्ट असताना तो आखूड दांडा माझ्याकडून काय वसूल करील, ते मला पाच मिनिटांत कळलं.

आणि मला थोरले काका आठवले. ते एसटीत होते, सातारा आगाराला. त्यांच्या बसचा दांडा माझ्या छातीएवढा उंच वाटायचा, वरची काळी मूठ तळव्यांनी चकचकीत झालेली. खंबाटकीच्या चढाला ते डबल क्लच करायचे. दांडा न्यूट्रलला आणून क्षणभर थांबायचे, रेस द्यायचे, आणि मग नुसत्या बोटांनी तो पुढे सरकवायचे. "गिअर मारायचा नसतो बाळा," ते म्हणायचे, "तो आपला आपण पडला पाहिजे." एवढं मोठं धूड आणि त्यांच्या हाताला घाम नसायचा. तो दांडा लांब का होता, हे मला मिशिगनमध्ये, परक्याच्या गाडीत बसून समजलं.

शेवटी शिफ्टर हर्स्टचाच घेतला, कॉम्पिटिशन प्लस. वरचा दांडा मात्र लांबातला. तो चपट्या पोलादी पट्टीचा असतो आणि खाली दोन बोल्टनी बसतो, त्यामुळे निवड तशी सोपी. बुश सगळी नवी. गाडी स्टँडवर चढवून दोन रविवार मी तिच्या पोटाखाली पाठीवर पडलो होतो. जुळवणीची खूण साधी आहे: सगळं न्यूट्रलमध्ये असताना शिफ्टरच्या पात्यांमधली भोकं एका रेषेत आली पाहिजेत, इतकी, की त्यांतून पाव इंची सळई आरपार जावी. माझ्याकडे तेवढं ड्रिल होतं, त्याचीच मागची दांडी वापरली. पहिल्या-दुसऱ्याच्या सळईवरचं टोक अर्धा फेरा फिरवायचं, घालून पाहायचं, अडतं. परत अर्धा फेरा. परत अडतं. बहुधा अकराव्या वेळी ते कुठेही न घासता, लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, आणि मी अंधारात एकटाच हसलो. मग अडसराचे दोन बोल्ट लावले. भरात कुणी दांडा जास्त रेटला तर तो भार गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर सरकवणाऱ्या काट्यांवर जाऊ नये, म्हणून ते असतात. भरात येणारा कोण, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

एप्रिलमध्ये रस्त्यांवर बर्फासाठी टाकलेलं मीठ धुऊन गेल्यावर गाडी बाहेर काढली. वुडवर्डच्या पहिल्या सिग्नलला थांबलो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा कुठेही हरवला नव्हता. लांब ओढ, हलका हात, शेवटी एक बारीक 'टक्'. दांड्याच्या पांढऱ्या गोटीवर तळवा ठेवून बसलो. इंजिनाची थरथर मनगटापर्यंत येत होती. काका असते तर लगेच म्हणाले असते, हात काढ, काट्यांवर भार येतो. मी हात काढून स्टिअरिंगवर ठेवला. सिग्नल लांबला, तसा थोड्या वेळाने परत ठेवला.