पंगत

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथील मुलगा अंगमेहनत करून शिके आणि साऱ्या जातींच्या मुलांबरोबर एकाच पंगतीत जेवी. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. कोठी रिकामी पडली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी आपले दागिने मोडले. स्वावलंबनाच्या त्या पाठामागे एका स्त्रीचा असा मूक त्याग होता. म्हणून स्वकष्टाचा अभिमान बाळगणारा तो विद्यार्थी ऋणाचीही जाण ठेवी.

त्या पिढीचा नातू आज हप्त्यांवर घर उभारतो, कुणापुढे हात पसरीत नाही. नात स्वतःच्या मिळकतीवर स्वतःचे निर्णय घेते. आजीच्या वाट्याला हे स्वातंत्र्य क्वचितच आले. याला अधःपात म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र आजोबांच्या लेखी स्वावलंबन म्हणजे आपला भार दुसऱ्यावर न टाकणे. नातवाच्या लेखी त्यात दुसऱ्याचा भार आपल्यावर न घेणेही आले. शब्द तोच राहिला. त्याच्या भोवतीची पंगत तेवढी उठून गेली.